तिखट आहे, पण मासळी कुठे आहे? पाकिटातले जाम्पोंग नूडल्स चाखण्याची आणि सुधारण्याची पद्धत

‘सीफूड’ आणि ‘स्पायसी’ हे दोन शब्द एकाच पाकिटावर छापलेले असले, तर आतल्या वाडग्यात दुसरा शब्द पहिल्याला गिळून टाकतो, असा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. तिखट पुरेसे असते, मीठ तर पुरून उरते. कोळंबी, माकूल आणि शिंपल्यांची म्हणून जी गोडसर खारी चव असते, ती मात्र शोधावी लागते. त्यामुळे असे नूडल्स सुधारायला बसलेला माणूस पहिल्यांदा वरून आणखी लाल तिखट घालतो, आणि तिथेच चुकतो. आधी पाकीट जसे आहे तसे शिजवून शांतपणे चाखावे, नेमके काय उणे आहे ते ठरवावे आणि तेवढेच भरून काढावे, हा या लेखातला क्रम आहे. उदाहरणासाठी मी कोरियातील जाम्पोंग पद्धतीचे नूडल्स घेतले आहेत, कारण तिखट समुद्री नूडल्सची कल्पना तिथे जितकी मुरली आहे तितकी क्वचितच दुसरीकडे मुरली असेल.

जाम्पोंग मुळात पाकिटातला पदार्थ नाही. जपानमधील नागासाकी येथे चिन हेइजुन या चिनी स्थलांतरिताने १८९९ साली ‘शिकाइरो’ हे उपाहारगृह काढले आणि डुक्कर-कोंबडीच्या हाडांच्या पांढुरक्या रश्श्यात भाज्या, मासळी व नूडल्स एकत्र असलेला ‘चाम्पोन’ तिथे रूढ झाला. कोरियातील चिनी उपाहारगृहांत याच नावाच्या पदार्थाला मिरचीचा लाल रंग चढला. तो करण्याची तिथली रीत अशी की, मोठ्या आचेवर तापलेल्या कढईत कांदा, कोबी, माकूल आणि शिंपले भराभर परतायचे, त्यावर मिरचीची पूड टाकायची, लगेच रस्सा ओतायचा आणि वेगळ्या उकडलेल्या नूडल्सवर तो घालायचा. आचेमुळे येणाऱ्या किंचित धुरकट, जळक्या चवीला कोरियन लोक ‘बुलमात’ म्हणतात. बुल म्हणजे आग आणि मात म्हणजे चव. पाकिटातल्या जाम्पोंगचे मोजमाप करायचे ते या मूळ वाडग्याशी, आपल्या कोळंबीच्या कालवणाशी नव्हे.

पाकिटांचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. कोरियातील पहिले झटपट नूडल्स १९६३ साली सामयांग कंपनीने आणले. नोंगशिम कंपनीचे ‘नोगुरी’ १९८२ साली आले. त्यातले नूडल्स जाड असतात आणि पाकिटात ‘दाशिमा’ म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा एक चौकोनी तुकडा असतो. तो शिजल्यावर खायचा की काढून टाकायचा, यावर कोरियात गमतीने वाद घातले जातात. त्याच कंपनीने १९९२ साली माकुलाच्या चवीचे ‘ओजिंगओ जाम्पोंग’ काढले. पुढे २०१५ साली ओत्तोगी कंपनीचे ‘जिन जाम्पोंग’ आले, तेव्हा रुंद नूडल्स, पावडरीऐवजी द्रवरूप सूप आणि बुलमात देणारे वेगळे तेल अशी रचना लोकप्रिय झाली. आपल्या शहरांतल्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन यांपैकी काही ना काही मिळते.

पाकीट वाचणे

चाखण्याची सुरुवात जिभेने न करता डोळ्यांनी करावी. प्रथम वजन पाहावे. मॅगीच्या सवयीने आपण एका पाकिटाला दीड कप पाणी घालतो; पण मॅगीचे छोटे पाकीट साधारण ७० ग्रॅमचे असते, तर कोरियन पाकीट १२० ते १३० ग्रॅमचे असून त्याला बहुधा ५५० मिलिलिटर पाणी सांगितलेले असते. ‘फारच खारट आहे’ ही तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांनी पाणी कमी घातलेले असते, अशी मला दाट शंका आहे. पाणी अंदाजाने न घालता मोजूनच घ्यावे.

त्यानंतर घटकांची यादी वाचावी. तिच्यात मासळीचा अर्क कितव्या क्रमांकावर आहे हे पाहिले की पुष्कळ काही कळते, कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ६२१, ६२७, ६३१ किंवा ६३५ हे आकडे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू शेवाळातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. ६२७ आणि ६३१ ही ग्वानिलेट व इनोसिनेट या द्रव्यांची रूपे होत, आणि ६३५ हे त्या दोहोंचे मिश्रण. इनोसिनेटचा शोध १९१३ साली वाळवलेल्या बोनिटो मासळीतून लागला. ही द्रव्ये ग्लुटामेटच्या जोडीला आली की उमामी नुसती बेरीज होऊन वाढत नाही, तर कित्येक पटींनी वाढते. कोळंबी आणि माकुलातही याच जातीची द्रव्ये असतात. पाकिटात ग्लुटामेट भरपूर असल्यामुळे थोडी ताजी मासळीसुद्धा सूप एकदम भरीव का करते, याचे उत्तर इथे आहे.

शेवटी सोडियम पाहावे. अशा एका पाकिटात बहुधा १५०० ते २००० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे मिठाच्या हिशेबाने सुमारे ५ ग्रॅम आहे. हा आकडा लक्षात ठेवूनच पुढची सगळी सुधारणा करायची आहे. ज्यांना कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी आहे त्यांनी तर नुसत्या कोरड्या पुडीपासूनही दूर राहावे, कारण तिच्यात खऱ्या मासळीचे अंश असतात.

पहिली चव: काहीही न घालता

पहिल्या पाकिटात अंडे, कोथिंबीर, लिंबू यांपैकी काहीही घालू नये. सूप पावडर साधारण १० ते १२ ग्रॅम असते. त्यातली चिमूटभर, म्हणजे सुमारे १ ग्रॅम, बाजूला काढून ५० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवावी आणि तेलाची वेगळी पुडी असल्यास तिचा एक थेंब चमच्यावर नुसता हुंगावा. कोणती चव कोणत्या पुडीतून येते हे एकदा कळले की पुढे कोणती पुडी कमी करायची, याचा निर्णय सोपा होतो. माझ्या अनुभवात बहुतेक पाकिटांत मीठ आणि तिखट पावडरीत असते, तर मासळीचा आणि आचेचा वास तेलात असतो. म्हणून तेल सहसा पूर्ण ठेवावे आणि पावडर कमी करावी.

आता उरलेले पाकीट सांगितलेल्या पाण्यात आणि सांगितलेल्या वेळेत शिजवावे. वाडगा समोर आल्यावर लगेच घोट घेऊ नये. आधी वाफ हुंगावी, कारण मासळीच्या चवीचा बराचसा भाग प्रत्यक्षात वासाचाच असतो आणि एकदा मिरचीने नाक गळू लागले की तो वास हाती लागत नाही. त्यानंतर सूप तीन वेळा चाखावे: कढत असताना, कोमट झाल्यावर आणि अगदी निवाल्यावर. मिरचीतले कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहींना चेतवते, तेच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णताही मेंदूला कळवतात. या ग्राहीचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. याचा व्यवहारातला अर्थ असा की, कढत सूप आहे त्याहून तिखट वाटते आणि त्या आगीआड बाकीचे दोष लपून राहतात. सूप निवले की आग ओसरते आणि खारटपणा, पावडरीचा पिठूळपणा किंवा जुन्या तेलाचा खवट वास उघडा पडतो.

याहून नेमकी परीक्षा पातळ करण्याची आहे, आणि ती मी कधीही चुकवत नाही. दोन चमचे सूप घेऊन त्यात दोनच चमचे गरम पाणी मिसळावे आणि चाखावे. मीठ व तिखट निम्म्यावर येते. तरीही कोळंबी-शिंपल्यांची गोडी जाणवली, तर सुपाचा पाया चांगला आहे आणि त्याला फार डिवचण्याची गरज नाही. नुसते कोमट, तांबूस, किंचित खारट पाणी उरले, तर पाकिटात मासळी नावापुरती आहे असे समजावे.

नूडल्सची चव सुपाबाहेर काढून घ्यावी. ते बहुधा आधी वाफवलेले आणि मग गरम तेलात तळून वाळवलेले असतात; तळताना निघून गेलेल्या पाण्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे पडतात आणि त्यांतूनच उकळते पाणी झटपट आत शिरते. कोरियन नूडल्समध्ये बटाट्याचे पिठूळ सत्त्व घातलेले असल्यास त्यांना तो ओळखीचा चिवटपणा येतो. शिजल्यावर लगेच, तीन मिनिटांनी आणि सहा मिनिटांनी एकेक नूडल चावून पाहावी. सहाव्या मिनिटाला तिचा लगदा होत असेल, तर पुढच्या वेळी शिजवण्याची वेळ एका मिनिटाने कमी करावी. वाळवलेल्या माकुलाचे आणि कोळंबीचे जे इवलेसे तुकडे वर तरंगतात, त्यांची चव पाहण्यात मी वेळ घालवत नाही. ते शोभेसाठी असतात.

उणे काय ते ठरवणे

पाच-सहा प्रकार चाखल्यावर माझ्या वहीत तीनच तक्रारी पुन्हा पुन्हा लिहिलेल्या आढळल्या: आचेचा वास नाही, शिंपल्या-कोळंबीचा रस नाही, आणि सगळे इतके जड की शेवटी जीभ मोकळी करणारी आंबट बाजू नाही. तिखट कमी पडल्याची तक्रार एकदाही नव्हती. म्हणून पुढची कृती याच तीन गोष्टी भरून काढण्यासाठी आहे.

एका पाकिटासाठी मध्यम आकाराच्या पाच-सहा कोळंब्या डोक्यासकट, साधारण ६० ग्रॅम माकूल आणि दहा-बारा तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपले, पुरतात. त्याखेरीज अर्धा कांदा, मूठभर जाड चिरलेला कोबी, लसणाच्या तीन पाकळ्या, एक पातीचा कांदा, एक चमचा सोया सॉस, दीड मोठा चमचा तेल आणि एक लहान चमचा मिरचीची पूड लागते. कोरियन ‘गोचुगारू’ मिळाली तर उत्तमच. ती भरड, लालभडक आणि बेताची तिखट असते. तिच्या जागी ब्याडगी मिरच्या बिया काढून भरड कुटल्या तर रंग व तिखटपणा बराच जुळतो. कांदा-लसूण मसाल्याचा मोह मात्र आवरावा. तो स्वतः इतका बोलका असतो की वाडग्याची मिसळ होऊन बसते.

तिसऱ्या आणि साठा

तिसऱ्यांच्या पोटात वाळू असते आणि वाळूचा एक कण दाताखाली आला की सगळी मेहनत वाया जाते. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तिसऱ्या बुडवाव्यात, वर झाकण ठेवून अंधार करावा आणि दोन तास हलवू नयेत. त्या समुद्रात असल्यासारख्या तोंड उघडतात आणि वाळू टाकतात. गोड्या पाण्यात त्या उघडत नाहीत, मरतात. उघडी तिसरी टिचकी मारूनही मिटत नसेल तर ती टाकून द्यावी. मग चोळून धुऊन २०० मिलिलिटर पाण्यात झाकण ठेवून उकळाव्यात. तीन-चार मिनिटांत तोंडे उघडतात. जी उघडणार नाहीत ती फेकावीत आणि उघडलेल्या लगेच बाहेर काढाव्यात. खाली उरलेले दुधाळ पाणी हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. शिंपल्यांतल्या सक्सिनिक आम्लामुळे त्याला जी चव येते, ती कोणत्याही पावडरीत मला आजवर सापडलेली नाही. हे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे आणि त्यात साधे पाणी घालून एकूण ६०० मिलिलिटर करावे. हाच आपला साठा, म्हणजे सुपाचा पाया. उघड्या कढईत वाफ जास्त जाते, म्हणून पाकिटावरच्या मापापेक्षा हे ५० मिलिलिटर अधिक.

कढईवरचे काम

इथून पुढे सगळे भराभर घडते, त्यामुळे सामान चिरून हाताशी ठेवावे. कोळंबीची डोकी आणि साले वेगळी करावीत, पाठीवरचा काळा दोरा काढावा, माकुलाची रिंगणे कापावीत आणि दोन्ही फडक्याने अगदी कोरडी करावीत. ओली मासळी तेलात पडली की परतली न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजते, आणि वशट वासही तिथूनच सुरू होतो.

लोखंडी कढईत तेल तापवून मध्यम आचेवर कोळंबीची डोकी दोन-तीन मिनिटे परतावीत आणि डावाने दाबावीत. कवचातले ॲस्टाझॅन्थिन हे रंगद्रव्य उष्णतेने प्रथिनापासून सुटते आणि तेलात उतरते. तेल केशरी झाले की डोकी काढून टाकावीत. या केशरी तेलाला येणारा वास नाकाशी आला की पाकिटातल्या तेलाची पुडी अगदीच बापुडवाणी वाटू लागते.

आता आच मोठी करावी. लसूण, पातीचा पांढरा भाग, कांदा आणि कोबी टाकून दीड मिनिट परतावे. कोबीच्या कडा काळपट व्हायला हव्यात, पण पाने लुळी पडता कामा नयेत. सोया सॉस भाजीवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावा. तो क्षणात चर्र होऊन जळतो आणि घरच्या शेगडीवर बुलमात आणण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. लगेच माकूल आणि कोळंबी टाकावी, आणि कोळंबीचा रंग बदलून ती वाकली की, म्हणजे सुमारे एका मिनिटात, दोन्ही बाहेर काढावीत. त्या अर्धवट शिजलेल्या असतील, तशाच असू द्याव्यात. माकूल एकतर दोन मिनिटांच्या आत मऊ असते किंवा अर्ध्या तासानंतर. मधल्या काळात ते रबर असते. पहिल्या वेळी मी सगळी मासळी नूडल्सबरोबरच पाच मिनिटे उकळली होती आणि घरातल्यांनी ती रिंगणे निमूटपणे ताटाच्या कडेला लावून ठेवली होती.

आता गॅस बंद करावा. मिरचीची पूड विस्तवावर टाकायची नाही. कढईत साठलेली उष्णता तिला पुरेशी असते. पेटत्या आचेवर ती दहा सेकंदांत करपते, आणि करपलेल्या मिरचीच्या कडवटपणाला कोणताही उतारा नाही, कढई धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. पूड टाकून वीसेक सेकंद ढवळावे, तेल लाल झाले की तिसऱ्यांचे पाणी ओतावे आणि मगच पुन्हा आच लावावी.

पाणी खळखळू लागले की सूप पावडर दोन तृतीयांशच घालावी. साठ्यात आणि सोया सॉसमध्ये मीठ आहेच. पूर्ण पावडर घातली तर खारटपणाखाली आपण मिळवलेली गोडी दबून जाते. नूडल्स घालून पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी शिजवावेत आणि मधूनमधून चॉपस्टिकने किंवा काट्याने उचलून हवा लागू द्यावी. उपाहारगृहातल्यासारखे नूडल्स वेगळे उकडले तर सूप स्वच्छ राहते हे खरे, परंतु कढईतच शिजवल्याने उतरणारे थोडे पिठूळपण सुपाला अंग देते आणि घरी मला तेच बरे वाटते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात कोळंबी, माकूल आणि तिसऱ्या परत घालाव्यात. गॅस बंद केल्यावर पाकिटातले तेल, पातीचा हिरवा भाग आणि पाव चमचा साधा व्हिनेगर घालावा. व्हिनेगर वेगळा जाणवू नये, फक्त दुसरा घोट घ्यावासा वाटला पाहिजे. लिंबूही चालते, कोकम मात्र सुपाचा रंग आणि रोख दोन्ही बदलते.

पावसाळ्यातली सोय

गरम वाडग्याची खरी इच्छा होते ती पावसाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, आपल्या किनाऱ्यावर ताजी मासळी दुर्मिळ होते. अशा वेळी सुक्या मासळीचा आधार घ्यावा आणि त्यात संकोच बाळगू नये, कारण खुद्द कोरियन स्वयंपाकात रोजचा साठा सुक्या अँचोव्ही आणि दाशिमा यांचाच असतो. आपली मांदेली याच अँचोव्हीच्या कुळातली आहे. सात-आठ सुकी मांदेली डोके व पोट काढून कोरड्या तव्यावर मंद भाजावीत आणि ६०० मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळावीत. डोकी तशीच ठेवली तर साठा कडू होतो. कोळंबीच्या जागी १५ ग्रॅम सोडे भाजून, कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून भाज्यांबरोबर परतावेत आणि भिजवणीचे पाणी तळाचा गाळ मागे ठेवून साठ्यात घालावे. सुकी मासळी खारट असू शकते, म्हणून पावडर निम्म्यावर आणावी आणि चाखून मगच वाढवावी.

जे मी घालत नाही

चीजचा तुकडा तिखट नक्कीच कमी करतो, कारण कॅप्सायसिन पाण्यात न विरघळता स्निग्ध पदार्थात विरघळते. पण तो मासळीची चवही झाकून टाकतो. नारळाचे दूध घातले तर वाडगा चांगला होतो, फक्त तो जाम्पोंग राहत नाही. अंडे सुपात फेटून घातल्याने ते गढूळ होते. घालायचेच असेल तर वेगळे, अर्धे कच्चे उकडून वर ठेवावे, म्हणजे ज्याला आग सोसत नाही त्याला पिवळ्या बलकात नूडल्स घोळवता येतात. सूप खारट झालेच तर साखर घालू नये. मूठभर मोड आलेले मूग किंवा आणखी कोबी घालून दोन मिनिटे उकळावे.

वाडगा भरल्यावर पातळ करण्याची तीच परीक्षा पुन्हा करावी: दोन चमचे सूप, दोन चमचे गरम पाणी. पहिल्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहिले की कोणती पायरी पुढच्या वेळी गाळता येईल, हे कळते. मला स्वतःला तिसऱ्यांचे पाणी आणि कडेवरून सोडलेला सोया सॉस या दोनच गोष्टी अटळ वाटल्या, कोळंबी नसली तरी चालून गेले. सगळे सूप पिण्याचा आग्रह धरू नये, कारण पाकिटातले बहुतेक मीठ तिथेच असते. तरीही हात थांबत नसेल तर कोरियन लोकांप्रमाणे तळाच्या थोड्याशा सुपात भात कालवावा. तो ताजा, वाफाळता नको; सकाळचा थंड, मोकळा भात घ्यावा, त्याची शिते फुटत नाहीत.